फुलोऱ्याचा पसारा

फाल्गुन सरत आला की आमच्या अंगणात रोज सकाळी घमेलीच्या घमेली पानं पडतात. करंज तर बघता बघता उघडा होतो. आणि पावसाचा टिपूस नसताना, ऊन दिवसेंदिवस तापत असताना, त्याच फांद्यांवर पोपटी, चकचकीत पालवी फुटते. आपला वसंत येतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणूनच तो वाफ्यांपेक्षा झाडांवर जास्त दिसतो. झाडांची मुळं जमिनीच्या पोटातल्या ओलीपर्यंत पोचलेली असतात, आणि जुनी पानं टाकून दिल्यामुळे पानांवाटे उडणारं पाणी वाचतं. त्या वाचवलेल्या पाण्यावर नवी पालवी उभी राहते.

अंगणात पहिला मान आंब्याचा. माघातच तो मोहोरतो. एकेका तुऱ्यात शेकडो बारीक फुलं, त्यातली बरीचशी नुसती नरफुलं. तुऱ्यामागे दोन-तीन कैऱ्या टिकल्या तरी पुष्कळ. ही किमया करतात त्या मुख्यतः माश्या आणि मधमाश्या. तुडतुडे दिसले म्हणून ऐन फुलोऱ्यात औषध फवारलं, तर त्यांच्याबरोबर फळ धरवणाऱ्या या कामकरणीही मरतात. घरच्या एखाद-दुसऱ्या झाडाला तेवढी कळ सोसावी.

चैत्र लागला की कडुनिंबाची पाळी. दिवसा त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, इतकं त्याचं फूल लहान. पण एक फूल तळहातावर घेऊन बघा : पाच पांढऱ्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि मधोमध पुंकेसरांची एक इवलीशी नळी. संध्याकाळी वारा पडला की मधासारखा गोडसर वास सगळ्या अंगणभर पसरतो. पाडव्याला गूळ, ओवा, हिंग घालून आपण ज्या झाडाची कडू पानं खातो, त्याच झाडाचा हा वास आहे, हे पाहुण्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

मग करंज फुलतो. गुलाबी झाक असलेली पांढरी फुलं, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची. मोठे काळे भुंगे त्यांवर तुटून पडतात. भुंगा फुलावर बसला की त्याच्या वजनाने खालच्या मिटल्या पाकळ्या दबतात, आतले परागकण त्याच्या अंगाला लागतात, आणि तो पुढच्या फुलाकडे जातो. झाडाखाली फुलांचा सडा इतका पडतो की फरशी दिसेनाशी होते.

नेमकं हेच अनेकांना खुपतं. ‘फार कचरा होतो हो,’ म्हणून फांद्या छाटल्या जातात, बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉक बसवले जातात, पुढे झाडच नको होतं. शहरात झाड पाडायला 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पण बुंध्याचा श्वास कोंडून झाड हळूहळू वाळवलं, तर त्याची दाद कोण घेणार?

मला वाटतं, पानगळ आणि फुलगळ नको म्हणणं म्हणजे वसंतच नको म्हणणं. पडलेली पानं जाळू नका. बुंध्याभोवती आळं करा, त्यात ती पसरा. उन्हाळाभर जमिनीतली ओल टिकेल आणि पावसाळ्यात त्यांचं खत होईल. फरशी बसवायचीच असेल, तर झाडाभोवती निदान दोन-तीन फूट माती मोकळी सोडा.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण आंब्याची डाळ आणि पन्हं करतो. त्यासाठी लागणारी कैरी माघातल्या मोहोराने दिलेली असते. तो मोहोर अंगणात झडला तेव्हा केरसुणी घेऊन कुरकुरलो नाही, तर त्या पन्ह्यावर आपला खरा हक्क.