सेल्फ अडतो, दोष टॅपेटचा

अमेरिकेत घराभोवतीची अर्ध्या-एक एकराची हिरवळ कापायला वर बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर वापरतात. पोटाखाली फिरणारी पाती, पुढे बऱ्याचदा एकाच सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि १२ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार. यंत्र जुने झाले की त्यात एक बिघाड पुष्कळदा येतो आणि त्याचे निदान तितक्याच वेळा चुकते. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेते आणि भिंतीवर आदळल्यासारखे जागीच थांबते. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि तो चूकही नाही. बॅटरी उतरली असेल तर लक्षण असेच दिसते. पण नवी बॅटरी बसवूनही इंजिन अडते. मग सोलेनॉइड, जाड केबल आणि शेवटी सेल्फची मोटार बदलली जाते. खर्च वाढत जातो, इंजिन मात्र तिथेच अडते.

खरे कारण बहुतेक वेळा हेडच्या झाकणाखाली असते. फोर-स्ट्रोक इंजिनात कॉम्प्रेशनच्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि पिस्टन आतले मिश्रण दाबत वर येतो. सुमारे ५०० घनसेंटिमीटरच्या एकाच सिलिंडरमधला हा दाब लहानशा सेल्फला पेलवत नाही. म्हणून कॅमशाफ्टवर एक युक्ती केलेली असते. इंजिन सावकाश फिरत असेपर्यंत एक बारीक उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, थोडा दाब निसटतो आणि सेल्फचे काम हलके होते. इंजिन सुरू होऊन वेग वाढला की छोटी वजने बाहेर फेकली जातात, उंचवटा मागे सरतो आणि कॉम्प्रेशन पूर्ण मिळू लागते.

मराठी वाचकाला ही युक्ती अनोळखी नाही. जुन्या बुलेटला किक मारण्याआधी डीकंप्रेशन लिव्हर दाबून पिस्टन वरच्या टोकापुढे सरकवत. विहिरीवरच्या, हँडल मारून चालू करायच्या डिझेल इंजिनालाही तसाच खटका असे. हँडलने वेग घेतला की तो सोडायचा. तिथे जे हाताने होई, ते इथे कॅमशाफ्ट आपोआप करतो. म्हणूनच ही सोय इंजिनात आहे, हे मालकाच्या ध्यानातही नसते.

हा उंचवटा अगदीच बारीक असतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, गॅरेजच्या भाषेत टॅपेट, झिजेने किंवा नट सैल झाल्याने वाढली की उंचवट्याची सगळी उचल त्या फटीतच विरते. व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि सेल्फला पूर्ण दाबाशी झुंजावे लागते.

खात्री करून घेणे सोपे आहे. प्लग काढून किल्ली फिरवावी. त्याआधी प्लगची वायर छिद्रापासून दूर बांधून ठेवावी, कारण छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. बॅटरी पूर्ण चार्ज असूनही प्लग नसताना इंजिन भराभर फिरत असेल आणि प्लग लावताच अडत असेल, तर बॅटरी-सेल्फच्या आधी टॅपेटवर संशय घ्यावा.

टॅपेट सेट करताना इंजिन थंड असावे आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी केलेली असावी. झाकण काढून इंजिन हाताने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणतात, आणि तिथून आणखी सुमारे ६ मिलिमीटर खाली उतरवतात. नेहमीची चूक इथेच होते. मोटारसायकलच्या सवयीने पिस्टन अगदी वरच्या टोकावर ठेवून माप घेतले, तर तो उंचवटा अजून व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो आणि माप फसते. या वर्गातल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बऱ्याच इंजिनांत इनलेटची फट साधारण ०.१ आणि एक्झॉस्टची ०.१५ मिलिमीटर ठेवतात. आपल्या मॉडेलचा आकडा मात्र पुस्तिकेतूनच घ्यावा. फिलर गेज किंचित अडखळत सरकेल इतपत नट फिरवायचा, मधला लॉक स्क्रू कसायचा, इंजिन दोन फेरे फिरवून माप पुन्हा घ्यायचे आणि नवे पॅकिंग लावून झाकण बसवायचे.

फट बरोबर असूनही इंजिन अडत असेल, तर कॅमशाफ्टवरची ती यंत्रणाच तुटली असण्याची शक्यता असते. मग इंजिन उतरवून खालून उघडावे लागते. जुन्या यंत्रावर एवढी मजुरी घालावी का, हा हिशेब वेगळा. बाकीचे यंत्र खिळखिळे झाले असेल तर घालू नये.

मधल्या काळात अडलेल्या सेल्फवर किल्ली धरून ठेवू नये. मोटार न फिरता प्रचंड करंट ओढते, वाइंडिंग तापते, आणि तोवर धडधाकट असलेला सेल्फ खरोखरच जळतो. नवा भाग मागवण्याआधी हेडचे झाकण उघडून पाहावे. त्याला लागतो तो एक पाना, फिलर गेज आणि एक पॅकिंग.