ओल्या बाळंतिणीला कोण विचारणार?

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. उद्या, ११ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय बालिका दिन. दोन्हींचे कार्यक्रम वेगळे, वक्ते वेगळे. या दोन्ही दिवसांवर जिचा सारखाच हक्क आहे ती सोळा-सतरा वर्षांची मुलगी मात्र परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात बाळंतीण म्हणून खाटेवर बसलेली आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणीतल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींची लग्नं अठरा पुरी होण्याआधी झालेली आढळली. राज्याचं प्रमाण तेव्हा सुमारे २२ टक्के होतं. कारणं जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहेत. ऊसतोडीला टोळ्या जातात, मुकादमाची उचल जोडप्याला, म्हणजे ‘कोयत्या’ला मिळते, वयात आलेली पोर गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर असतो, आणि वय वाढेल तसा हुंडाही वाढतो. यावर पुष्कळ लिहून झालं आहे. बालविवाह रोखला की बातमी येते, ती यायलाच हवी. जे लग्न रोखता आलं नाही, त्यातल्या मुलीचं वर्षभराने काय झालं, हे कुणी विचारत नाही. आम्हाला आज तिच्याविषयीच बोलायचं आहे.

बाळंतपण दवाखान्यात झालं तर पुढच्या ४२ दिवसांत गावची आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, सहा वेळा घरी येते. घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची ही रीत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून उभी केली, मग ती देशाने उचलली. झोळीच्या काट्यावर बाळ तोलायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, पोटाकडे बघत मिनिटभर श्वास मोजायचे. आईसाठीही प्रश्न आहेत: ताप आहे का, अंगावरून घाण वास येणारं जातं का, दूध येतं का, झटके येतात का, ती असंबद्ध बडबडते का. बडबडणारी बाळंतीण या प्रश्नांत सापडेल. जी बोलायचीच थांबली आहे ती कशी सापडणार? त्यातून उत्तरं बहुतेक वेळा सासूच देते. “बरी हाय की, जरा आळशी हाय.” मुलगी खाली बघत राहते. बाळ रडतंय तरी तिचा हात पुढे होत नाही, हे आशाताईला दिसतं; ते कोणत्या रकान्यात लिहायचं, हे तिला उमगत नाही. घरच्यांच्या लेखी तिला बाहेरचं लागलेलं असतं. ती स्वतः सांगते ते डोकं दुखणं, हातापायाला मुंग्या, झोप नसणं. आणि बहुधा दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या घेऊन परत येते.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, पहिली मुलगी असताना दुसरीही मुलगीच, अशा घरांत ते जास्त होतं. तो अभ्यास काही फक्त कोवळ्या मातांचा नव्हता. परभणीतल्या या पोरीच्या वाट्याला तर शाळा सुटणं आहे, मैत्रिणी तुटणं आहे, आणि स्वतःचीच वाढ अजून पुरी न झालेलं शरीर आहे.

त्यावर इलाज आहे, आणि तो मोठ्या डॉक्टरांवाचून अडत नाही. पाकिस्तानात रावळपिंडीकडच्या खेड्यांत अतीफ रहमान यांनी गावच्याच आरोग्य सेविकांना नैराश्यातल्या मातांशी कसं बोलावं हे शिकवलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्याकडच्या २३ टक्के मातांमध्ये नैराश्य उरलं होतं. हे शिक्षण न मिळालेल्या सेविका जिथे तितक्याच वेळा गेल्या, तिथे ५३ टक्क्यांत. हा अभ्यास २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मराठवाड्यात तर निम्मी वाट चालून झाली आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात इथल्या आशांनी शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनाची विचारपूस केली आहेच. तीच विचारपूस बाळंतिणीच्या खाटेपाशी का नको?

अडचण वयाची आहे. अल्पवयीन मुलगी गरोदर असेल तर बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. कायदा हवाच, त्यात सूट मागण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. पण त्या धाकाने वय चढवून सांगितलं जातं, तपासण्या टळतात, दवाखाना गाठला जातो तो कळा सुरू झाल्यावर. मातृवंदना योजनेचे पैसेही अठरा न भरलेल्या आईला मिळत नाहीत. लग्न लावून दिलं मोठ्यांनी आणि लपून राहायचं, हक्काच्या पैशाला मुकायचं ते हिने, हे आम्हाला मान्य नाही. खटला त्याच्या वाटेने चालू द्या, तिची देखभाल त्याला बांधू नका.

२०२२ पासून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पण घरातला फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून आशाताईच हवी. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या टोळ्या निघतील. सहापैकी दोन-तीन भेटी झालेली मुलगी तान्ह्या बाळासह कारखान्याच्या फडावर, कोपीत जाईल, आणि तिचं नाव इथल्या वहीत तसंच राहील. जिल्हा आरोग्य विभागाने त्याआधी वीस वर्षांखालच्या प्रत्येक बाळंतिणीशी आशाताईचं अर्धा तास बोलणं घडवावं, सासूला बाहेर बसवून. त्याचा वेगळा मोबदला आशांना द्यावा. जिला गरज दिसेल तिला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीने जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांपर्यंत न्यावं. आणि टोळी जिथे उतरणार, मग ते सांगली-कोल्हापूर असो की कर्नाटक, तिथल्या आशाचा फोन नंबर तिच्या कार्डावर लिहून द्यावा.