गावकीची खोली विकण्याआधी

लालबाग, परळ, करी रोड, नायगाव, वरळी. गिरणगावातल्या जुन्या चाळींत मालवण किनाऱ्यावरच्या गावांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या खोल्या आहेत. कुठे भाडेपावती गावाच्या मुंबईतल्या मंडळाच्या नावावर, कुठे गावातल्या एखाद्या जुन्या जाणत्याच्या. आता चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, खोलीला कधी नव्हे एवढा भाव आला आहे आणि मंडळामंडळांतून एकच सूचना ऐकू येते: खोली विकून टाकू, पैसे देवळाच्या जीर्णोद्धाराला देऊ, मंडळाने वर्षातून एक स्नेहसंमेलन घेतलं तरी पुरे.

ही सूचना मला मान्य नाही. पण तिच्यामागचे आक्षेप विचारी माणसांचे आहेत. त्यांना हसण्यावारी न नेता एकेक तपासायला हवेत.

पहिला आक्षेप असा की खोलीचं काम संपलं. ती गिरणी कामगारांसाठी होती. गिरण्या गेल्या, खोलीही जावी. यातला इतिहास खरा आहे. सिंधुदुर्ग हा १ मे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता आणि १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार या एका जिल्ह्यातले होते. तोंडवलीसारखं गाव डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कालावलची खाडी, मधे तळाशिलपर्यंत निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. माडाची बाग आणि रापणीचा वाटा यांवर वाढती घरं पोसणार कशी? घरटी एक माणूस मुंबईला जाणारच होता. गिरणीने त्याला काम दिलं, छप्पर दिलं नाही. छप्पर गावकीने दिलं. भिंतीला एक खुंटी, कोपऱ्यात एक पेटी, एक वळकटी, एवढ्यावर माणूस मुंबईकर झाला. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. नोकरी लागेपर्यंत नव्या पोराकडे कुणी वर्गणी मागत नसे. ‘आपल्या गावचो झील आसा, ऱ्हवांदे’ एवढी शिफारस पुरायची.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचा हा संसार विस्कटला, हेही खरं. पण त्यावरून खोलीचं काम संपलं असं ठरत नाही. गिरण्यांच्या शेजारीच १९२६ साली केईएम आणि १९४१ साली टाटा रुग्णालय उभं राहिलं. त्यांचे भोंगे कधी बंद पडले नाहीत. ओरोसला २०२१ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी दुखणं गंभीर निघालं की मालवणच्या माणसाला आजही गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय किंवा परळच गाठावं लागतं. गिरणीच्या पाळीसाठी घेतलेली खोली आज केमोथेरपीच्या पाळीसाठी लागते. शिवाय भरतीच्या परीक्षेला आलेली मुलं आहेत, पहिल्या नोकरीचा पहिला पगार हातात येईपर्यंतचे दिवस काढणारी आहेत. गरज गेलेली नाही. गरजवंत बदलला आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ही मंडळं संकुचित. त्यांत गाव आहे, भावकी आहे, जात आहे आणि बाई नाही. हा आरोप मी नाकारत नाही. गावातल्या पायऱ्या गावकीच्या खोलीतही चढून आल्या. पुरुषांच्या त्या खोलीत बाईला जागा नव्हती आणि तरी त्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळी बायकाच चालवत होत्या, सावकाराच्या व्याजात पिचत. त्यांच्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणलं. गावकीने जे करायला हवं होतं, ते बायकांनी गावकीबाहेर केलं.

मात्र या आरोपातून आक्षेपक जो निष्कर्ष काढतात, तो चुकीचा आहे. त्यांच्या मते गावकीची ओळख माणसाला व्यापक एकजुटीपासून तोडते. गिरणगावाचा अनुभव उलटा आहे. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. पगार बंद असताना कामगार टिकला तो उधारी देणाऱ्या वाण्यामुळे, थांबायला तयार असलेल्या खानावळवालीमुळे, गावाकडच्या तांदळामुळे आणि खोलीतल्या सोबत्यांमुळे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिलं: गावाशी असलेलं नातं आणि वस्तीतले शेजारसंबंध यांनी कामगारांच्या लढ्याला बळ पुरवलं. गोव्याच्या कुडींकडेही पाहा. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास गोव्याच्या गावागावांचे क्लब उभे राहिले, बोटीवर निघालेल्या नि बोटीवरून उतरलेल्या माणसाला त्यांनी आसरा दिला. तिथेही प्रवेश गाव पाहूनच मिळे. परक्या शहरात विश्वासाची सुरुवात ओळखीनेच होते. दोष ओळखीत नाही, ओळखीवर थांबण्यात आहे. दार अरुंद असेल तर ते रुंद करावं. त्यासाठी घर मोडायची गरज नसते.

तिसरा आक्षेप: मंडळं करतात काय? सत्यनारायण, क्रिकेटचे सामने, एखादा दशावतारी प्रयोग, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार आणि फेटे बांधलेल्या पाहुण्यांची भाषणं. या चित्रात अतिशयोक्ती थोडी, सत्य पुष्कळ. तरीही उत्सव म्हणजे उधळपट्टी असं समीकरण मांडणाऱ्यांनी लालबागचा इतिहास वाचावा. पेरू चाळीतला बाजार बंद पडल्यावर तिथल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. पोटाच्या प्रश्नातून जन्मलेल्या त्याच मंडळाने २०२० साली, करोनाच्या काळात, मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. उत्सव माणसं जमवतो. जमलेल्या माणसांना काम देणं ही कार्यकारिणीची जबाबदारी. ती पार पाडली नाही तर खापर सत्यनारायणावर का फोडायचं?

चौथा आक्षेप सुशिक्षितांचा लाडका आहे. आरोग्य, निवारा, शिक्षण ही सरकारची कामं. उरलेलं प्रशिक्षित समाजसेवी संस्था पाहतील. हौशी मंडळींनी लुडबूड करू नये. सरकारने आपलं काम करावं, याबद्दल दुमत नाहीच. पण महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते. रुग्णासोबत आलेल्या भावाला पंधरा दिवस पाठ टेकायला जागा देत नाही. ती जागा दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा देते आणि तिथे मावत नाहीत ते रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी पसरतात. या फटीत सरकार नाही, कंपन्यांचा सामाजिक निधीही क्वचितच. तिथे शेजार लागतो.

प्रशिक्षित समाजकार्याचं म्हणाल, तर तेही अशाच गजबजलेल्या वस्तीत वाढलं. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. १९३६ साली सुरू झालेली टाटांची समाजकार्याची संस्था, आजची ‘टिस’, तिचे पहिले वर्ग भरले ते नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये. ज्या वस्तीत बसून शास्त्र शिकलं गेलं, तिच्यातल्या माणसांना हौशी म्हणून बाजूला सारण्यात शास्त्रीय काय आहे?

आता माझी बाजू. मंडळाचं खरं भांडवल म्हणजे शहराच्या मध्यात असलेली जागा. उत्सव, निधी, अहवाल हे सगळं तिच्या आधाराने उभं राहिलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्यामुळे ती आपल्या हातात टिकली. विकली तर परळमध्ये पुन्हा घेण्याची ऐपत कुठल्याही गावाची नाही. पुनर्विकासात तिचं मोल वाढतंच आहे: बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीबदली ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. ज्यांची खोली अशी पात्र ठरेल, त्यांच्या हातात एक छोटं रुग्णनिवासच येणार आहे. टॉवरचा देखभाल खर्च जड पडेल, ही शंका रास्त आहे. तो एका गावाला पेलत नसेल तर शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून उचलावा. तोंडवली, वायंगणी, आचरा यांचा रुग्ण एकाच रुग्णालयाच्या एकाच रांगेत उभा राहतो, तर त्यांच्या मंडळांनी वेगळं का राहावं?

आणि ज्यांना विक्रीची घाई आहे त्यांनी कायदा पाहावा. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला १९५० च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. कार्यकारिणी विश्वस्त असते, मालक नसते, हे त्यामागचं तत्त्व. ते नोंदणी नसलेल्या मंडळालाही नैतिकदृष्ट्या लागू आहेच. ज्या चाकरमान्यांनी तुटपुंज्या पगारातून वर्गणी भरली, त्यांनी ती पुढच्या गरजूसाठी भरली होती. देऊळ गावाला हवंच. त्यासाठी वेगळी वर्गणी काढता येते. रुग्णाची खाट विकून कळस चढवणं कुठल्या देवाला रुचेल?

तेव्हा पुढच्या आमसभेत ठराव आणायचाच असेल तर तो असा आणावा: खोली विकली जाणार नाही. तिच्यावर पहिला हक्क उपचारासाठी आलेल्या रुग्णाचा आणि त्याच्या सोबत्याचा, दुसरा शिकायला आलेल्या मुलामुलींचा. जात, भावकी, वाडी विचारली जाणार नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र सोय असेल आणि कार्यकारिणीत त्या निम्म्या असतील. जमाखर्च दरवर्षी मुंबईत आणि गावच्या ग्रामपंचायतीतही फलकावर लागेल. एवढं मान्य नसलेल्या मंडळाने खोली खुशाल विकावी. कारण मग आक्षेपकांचं म्हणणं त्या मंडळापुरतं तरी खरं ठरेल.