समुद्रप्रवासाचा योग्य महिना

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊ लागली म्हणजे आमच्या ख्रिस्ती कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : यंदा मुलांना कोठे न्यावे? पूर्वी याचे उत्तर सोपे होते. मामाचे गाव, आणि फार झाले तर एखादी यात्रा. अलीकडे मात्र दुसराच एक बेत कानी येतो. सुरतेपर्यंत आगगाडीने जावे, तेथून हजिऱ्याचा धक्का गाठावा, फेरीबोटीने खंबायतचे आखात ओलांडून घोघ्यास उतरावे, आणि सौराष्ट्राच्या माळावरचे काळवीट व गीरच्या रानातले सिंह मुलांना दाखवून परत यावे. बेत चांगला आहे. देवाने निर्माण केलेली सृष्टी लेकरांना दाखविणे हेही आईबापांचे एक कर्तव्यच आहे. परंतु 'कोठे जावे' याची चर्चा आमच्या घरांत चार रात्री चालते आणि 'केव्हा जावे' याचा निकाल चार शब्दांत लागतो, हे आम्हांस बरे वाटत नाही.

हजिरा-घोघा ही जलवाहतूक ८ नोव्हेंबर २०२० रोजी सुरू झाली. जमिनीवरून जायचे तर आखाताला वळसा घालून सुमारे ३७० किलोमीटर तुडवावे लागतात. पाण्यावरून हेच अंतर ९० किलोमीटर भरते, आणि दहा-बारा तासांचे काम चारेक तासांवर येते. घोघ्याहून भावनगर जवळ आहे. त्याच जिल्ह्यात वेळावदर येथे काळविटांसाठी राखलेले सुमारे ३४ चौरस किलोमीटरांचे गवताळ राष्ट्रीय उद्यान आहे. ते १९७६ साली स्थापन झाले. गीर तेथून पुष्कळ दूर पडते, म्हणून त्यास वेगळा दिवस काढावा. मे २०२५ च्या गणनेत सौराष्ट्रात ८९१ सिंह आढळले. उन्हाळ्यात गवत वाळलेले व पाणवठे थोडे उरलेले, त्यामुळे जनावरे दृष्टीस पडण्याचा संभव अधिक. मात्र ही दोन्ही राने १६ जून ते १५ ऑक्टोबरपर्यंत बंद असतात. तेव्हा निवड करावयाची ती एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा यांतूनच.

आता समुद्राचे ऐका. खंबायतचे आखात नरसाळ्यासारखे आहे. दक्षिणेस तोंड रुंद, उत्तरेकडे अरुंद होत गेलेले. भरतीचे पाणी या निमुळत्या जागेत कोंडले जाऊन वर चढते. भावनगरच्या बाजूस उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील फरक दहा मीटरांच्या घरात जातो. जगात इतके पाणी चढणाऱ्या जागा थोड्याच आहेत. एवढे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर पडते, म्हणून त्याची ओढही तितकीच जबर असते. एप्रिलमध्ये वारा बहुधा बेताचा असतो. मे महिना सरत आला की नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. बाहेर पडणारे ओहोटीचे पाणी दक्षिणेकडे आणि वारा त्याच्या तोंडावर, असा सामना झाला म्हणजे लाटा आखूड व उभ्या होतात. मोठ्या बोटीला त्यांचे भय नसेल, पण बोटीतल्या म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला आणि पोटात काही न ठरणाऱ्या पोराला ते चार तास चार दिवसांसारखे जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते व अष्टमीच्या सुमारास भांग असते, हे आमच्या किनाऱ्यावरच्या लेकरांनाही ठाऊक आहे. तिकिटाची तारीख ठरविताना मात्र भिंतीवरचे कालदर्शक फक्त लाल आकड्यांसाठी पाहिले जाते.

मे महिन्याच्या उत्तरार्धाला आणखी एक धोका आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी अरबी समुद्रात वादळे उठतात. १७ मे २०२१ च्या रात्री 'तौक्ते' चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. त्याच दिवशी मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात काम करणारा 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तराहून अधिक प्राणांस मुकली. वादळाची सूचना काही दिवस आधीपासून दिली जात होती. पुढे २०२३ च्या जूनमध्ये 'बिपरजॉय' वादळ १५ तारखेस कच्छच्या किनाऱ्यावर आले. आमच्या कोळी बांधवांनी या दिवसांचा मान पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हा आजचा कायदा. पण कायदा होण्यापूर्वीही होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात व नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला हात जोडून घरी बसले जात असे. ज्यांनी हे मानले नाही त्यांची कथा आमच्या वडीलधाऱ्यांना विसरता आली नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली कित्येक अमावास्येच्या सणाला घरी निघाली होती. घरी जाण्याची ओढ खोटी नव्हती, पण दिवस समुद्राचा नव्हता.

'मोसम' हा आपला शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ ठरलेला काळ, आणि इंग्रजांचा 'मान्सून'ही त्याच मुळाचा. शिडाच्या जहाजांच्या काळात सुरतेचा सारा व्यापार या मोसमावर चाले. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत येत नसत. ती हजिऱ्याजवळच्या सुवाळीस नांगरत, आणि तीही पावसाळा सरल्यावर. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. त्यांच्या जहाजांचा मोसम हुकला. तेव्हा त्या महात्म्याला मोझांबिकमध्ये सुमारे सहा महिने थांबावे लागले, आणि ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. हिंदुस्थानात अगणित आत्मे वाट पाहत आहेत, असे मानणाऱ्या त्या पुरुषालाही वारा अनुकूल होईपर्यंत थांबणे भाग पडले. तो काळ त्यांनी आजाऱ्यांची सेवा करण्यात घालविला. मग आमची सहल एक वर्ष पुढे गेली तर काय बिघडले?

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात हाच प्रश्न आला आहे. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते. क्रेत बेटाच्या एका बंदरात जहाज लागले तेव्हा प्रवासाचे दिवस संपत आले होते. आता पुढे गेलो तर मालाचीच नव्हे, जीवांचीही हानी होईल, असे पौलाने बजावले. शतपतीने मात्र तांडेलाचे व जहाजाच्या धन्याचे ऐकले. बहुतेकांचे मतही निघावे असेच पडले. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला आणि सर्वांना वाटले, आपलेच खरे. पुढे जे तुफान झाले ते चौदा रात्री चालले. जहाज माल्ताजवळ फुटले. देवाच्या कृपेने २७६ माणसे वाचली.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, मंद वारा. निघण्याच्या दिवशी आकाश निरभ्र आहे, एवढ्यावरून महिना चांगला ठरत नाही. दुसरी, ज्याचे ऐकले गेले नाही तो कैदी होता. आमच्या घरांतही असेच घडते. ज्याने पैसे भरले त्याचे मत चालते, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचे. आजी कोपऱ्यातून म्हणते, "बाबा, लग्नं उरकल्यावर मला इतक्या लांब नको, दम लागतो," ते कोणी ऐकत नाही. सून तीन महिन्यांची गरोदर असते, ती लाजेने बोलत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, तारीख ठरविण्यापूर्वी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला प्रथम विचारावे, आणि त्याच्या शक्तीप्रमाणे महिना निवडावा.

आमचे मत विचाराल तर ईस्टरनंतरचा एप्रिल, फार तर मेचा पहिला आठवडा, हाच काळ उत्तम. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. मुलांची परीक्षा संपताच, शक्य तर अष्टमीच्या सुमारास निघावे. मेच्या मध्यानंतरचा बेत पुढच्या वर्षावर टाकावा. मे महिना पवित्र मरियेचा. लग्नसराई, प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि घरोघरची जपमाळ यांतच तो शोभतो. परतीच्या प्रवासाचा एक दिवस हाताशी मोकळा ठेवावा, म्हणजे बोट रद्द झाली तर खिडकीवरच्या माणसाशी भांडण्याची पाळी येणार नाही आणि रविवारची मिस्साही चुकणार नाही. कर्ज काढून तर मुळीच जाऊ नये.

ख्रिस्तसभा चार मुख्य सद्‌गुण सांगते : विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. त्यांत विवेकाचा मान पहिला. देवावर भरवसा ठेवून वाटेल त्या दिवशी समुद्रात उतरणे ही श्रद्धा नव्हे. ज्याने समुद्राला त्याचा मोसम नेमून दिला, त्याने आम्हांस बुद्धीही दिली आहे. तिचा उपयोग तिकीट काढण्यापूर्वी करावा.