हळदीचा दावा आणि कर्करोगाची कसोटी

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २०२२ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन केंद्रासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली होती. या दोन घटनांमुळे परिसरातील हळद उत्पादकांच्या अपेक्षा उंचावल्या, हे स्वाभाविकच. मात्र हळदीचे गुणगान सुरू झाले, की 'हळदीने कर्करोग बरा होतो' हे वाक्य हटकून येते. शहरांतील औषध दुकानांत कुरकुमिनच्या कॅप्सूल बऱ्याच अंशी याच समजुतीवर खपतात. रसायनशास्त्र या वाक्याला दुजोरा देत नाही.

कुरकुमिन हे हळदीतील पिवळे द्रव्य. ते १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. हळकुंडात त्याचे प्रमाण साधारणपणे २ ते ५ टक्के असते. हळदीत चुना मिसळला की ती कुंकवासारखी लाल होते. हळदीच्या डागाला साबण लागला तरी तेच घडते. अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात या रेणूचे रूप पालटते, याची ही घरोघरी ठाऊक असलेली खूण आहे. औषध म्हणून विचार करताना हीच अस्थिरता आड येते. रक्ताइतक्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात, शरीराच्या तापमानाला, सुमारे ९० टक्के कुरकुमिन अर्ध्या तासात विघटित झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. रक्तद्रवाच्या सान्निध्यात हा वेग मंदावतो खरा. पण हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जे थोडे शोषले जाते त्याचे आतडे व यकृत झपाट्याने रूपांतर करून टाकतात.

प्रयोगशाळेतील बशीत कुरकुमिनने कर्करोगाच्या पेशी मरतात, हे खोटे नाही. दाव्यांचा उगम तेथेच आहे. प्रश्न मात्रेचा आहे. तैवानमध्ये २००१ च्या चाचणीत रुग्णांना दररोज ८ ग्रॅमपर्यंत कुरकुमिन देण्यात आले, तरी रक्तातील त्याची पातळी बशीतील प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पातळीच्या बरीच खाली राहिली. ४ टक्के कुरकुमिन असलेल्या हळदीचा हिशेब केला, तर ८ ग्रॅमसाठी रोज २०० ग्रॅम पूड पोटात जायला हवी. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २१ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा दोघांतच परिणाम आढळला आणि त्यातील एकाचा अल्पकाळच टिकला. शंभराहून अधिक मानवी चाचण्यांचा परामर्श घेणाऱ्या २०१७ च्या एका आढाव्याने तर, रुग्ण व डॉक्टर या दोघांपासूनही गोळीचे स्वरूप गुप्त ठेवून केलेली एकही तुलनात्मक चाचणी यशस्वी ठरलेली नाही, असा निष्कर्ष काढला. हा रेणू अनेक प्रथिनांना कमी-अधिक चिकटतो व चाचणीत फसवे संकेत देतो, हेही त्या आढाव्यात नमूद आहे.

याचा अर्थ वनस्पतींपासून कर्करोगाची औषधे मिळतच नाहीत, असा नव्हे. अंगणातील सदाफुलीने व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन दिली. पॅक्लिटॅक्सेल आणि कॅम्पटोथेसिन या दोन्ही द्रव्यांच्या शोधात तर नंदुरबारमध्ये १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांचा वाटा आहे. त्यांनी मन्रो वॉल यांच्यासमवेत अमेरिकेत १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन आणि १९७१ मध्ये यू वृक्षाच्या सालीतील पॅक्लिटॅक्सेलची रचना जाहीर केली. सह्याद्रीतील नरक्यातही कॅम्पटोथेसिन असल्याचे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखविले. पुढे त्याच्या लाकडाची चोरटी तोड झाली, हा त्या शोधाचा कटू भाग.

कॅम्पटोथेसिनही पाण्यात विरघळत नव्हते. सुरुवातीच्या चाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबल्या. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडविणाऱ्या विकराला ते अडकवून ठेवते, हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत फेरफार केले आणि १९९६ मध्ये त्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन अमेरिकेत मान्य झाली. म्हणजे शोधापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली. कुरकुमिनला ही वाट टाळता येईल, असे मानण्यास आधार नाही.

दाव्यांचा धोका केवळ पैसे वाया जाण्यापुरता मर्यादित नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये कुरकुमिनमुळे कॅम्पटोथेसिन आणि डॉक्सोरुबिसिन यांचा मारक परिणाम घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइडबाबतही तसेच दिसले. माणसात नेमके तसेच होते, हे यावरून सिद्ध होत नाही. तरीही केमोथेरपी चालू असताना डॉक्टरांना न सांगता कॅप्सूल घेणे अनाठायी धाडस ठरते. शोषण वाढविण्यासाठी कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरिन मिसळतात. ते यकृतातील औषधे निपटणाऱ्या विकरांनाही रोखते. हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. भाजीतील चिमूटभर हळदीचा याच्याशी संबंध नाही.

कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने मनाई आहे. कॅप्सूल बहुधा पूरक आहार म्हणून विकल्या जातात आणि वेष्टनावर न लिहिलेला दावा तोंडोतोंडी पसरतो.

वसमतच्या केंद्रापुढे खरे काम वेगळे आहे. वाण, जमीन आणि शिजवण्या-वाळवण्याच्या पद्धतीनुसार कुरकुमिनचे प्रमाण बदलते आणि उजेडात ते घटते. मोंढ्यात मात्र हळकुंडाचा रंग, जाडी आणि चमक यांनाच सौद्यात मोठे वजन असते. चमकीसाठी शिसेयुक्त पिवळा रंग फासण्याचा गैरप्रकार देशात अन्यत्र उघड झालेला आहे. प्रत्येक लॉटमागे कुरकुमिन आणि शिसे यांच्या तपासणीची छापील चिठ्ठी मिळू लागली, तर वसमतच्या शेतकऱ्याला भाव मागताना कर्करोगाचे नाव घ्यावे लागणार नाही.