पुढचं कधी वाजवणार?

सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय शिकावे याबद्दल आपल्याकडे मते ठरलेली आहेत. प्राणायाम शिकावा, फार तर पथ्याची भाजी करायला शिकावी. मी इलेक्ट्रिक पियानो शिकायला बसलो. तेही एक वेळ खपले असते. पण गेले दोन महिने मी एकच तुकडा वाजवतो आहे, हे कोणालाच खपत नाही.

"एवढंच येतं?" पाहुणे विचारतात.

"अहो, पुढचं कधी वाजवणार?" स्वयंपाकघरातून आमची ही विचारते.

या 'पुढचं'विरुद्ध मला आज तक्रार नोंदवायची आहे.

तुकडा रे चार्ल्सचा. १९५८ साली अमेरिकेत एका नाचाच्या कार्यक्रमात या गृहस्थाची ठरलेली गाणी संपली आणि वेळ मात्र उरला. त्याने इलेक्ट्रिक पियानोवर एक घुमणारी ओळ धरली आणि साथीच्या मंडळींना सांगितले, मी म्हणेन ते माझ्यामागून म्हणा. १९५९ साली त्याचीच 'व्हॉट्ड आय से' ही तबकडी निघाली. गाणे एवढे लांबले की कापून दोन बाजूंवर घालावे लागले. वाद्य होते वुर्लिट्झर. आपल्या पेटीत पितळी पट्टी वाऱ्याने थरथरते. यात पोलादी पट्टीवर हातोडी बसते आणि तो आवाज विजेने मोठा होतो. हलके दाबा, किणकिणतो. जोरात दाबा, गुरगुरतो. माझ्या कीबोर्डात त्याची नक्कल एका बटणात बसवली आहे.

सगळे मिळून १२ बार आणि ३ कॉर्ड. ("सर, बारा बार झाले की परत पहिल्यापासून ना?" असे मी जिन्यात फोनवर विचारले, तेव्हापासून शेजारच्या काकू हिच्याशी फार हळवेपणाने बोलतात.) आमचे सर चोवीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात. पहिला आठवडा त्यांनी कीबोर्ड चालूच करू दिला नाही. डाव्या हाताने मांडीवर एकसारखा ठेका आणि उजव्या हाताने मधल्या रिकाम्या जागांत थाप! ऐकायला सोपे आहे. पण उजवा हात सुरू झाला की डावा थांबून त्याच्याकडे बघत बसतो. शेजारच्या काउंटरवर भांडण लागले की आमचे काम थांबते, तसेच.

मग खरा रोग कळला : घाई. सूर चुकला की ती चूक झाकायला मी वेग वाढवतो. सर म्हणतात, "काका, सूर चुकला तर चालेल, जागा चुकू नका. आणि बोट उचलायचं कधी, हेही वाजवणंच आहे." याला ते ग्रूव्ह म्हणतात. ग्रूव्ह म्हणजे मुळात खाच, तबकडीवर असते ती. सुई खाचेत राहिली तर गाणे. बाहेर पडली तर खरखर.

"पण हे काही संगीत नव्हे," असे म्हणणारे हेच पाहुणे तबल्याचे एकल वादन ऐकायला जातात. तिथे पेटीवाला १६ मात्रांचा एकच लेहरा फिरवत बसलेला असतो. त्याला कोणी 'पुढचं' विचारत नाही. त्याने पुढचे वाजवले तर तबलजी समेवर यायचा कुठे? आणि आपण मात्र पोराला क्लासला घालतो आणि चौथ्या महिन्यात पाहुण्यांसमोर एका बोटाने सिनेमाचे गाणे मागतो. बोटांना पळायला शिकवतो. जागेवर उभे राहायला कोणी शिकवत नाही.

मेव्हण्याने मात्र खरे वर्मावर बोट ठेवले. "भावजी, बटण दाबलं की हा ठेका यंत्र स्वतःच वाजवतं. तुम्ही कशाला?"

यावर मी दोन दिवस गप्प होतो. नोटा मोजायचे यंत्र आले, तेव्हा हेच वाक्य मी काउंटरच्या आत बसून ऐकले होते. यंत्र चुकत नाही, हे कबूल. पण गाणारा श्वासासाठी अडला तर ते थांबत नाही, आणि त्याने ठेका धरला म्हणून तो माझ्या अंगात शिरत नाही. वाणिज्य शाखेत मी एवढे एकच पक्के शिकलो : आरंभीची शिल्लक चुकली की पुढची सगळी पाने चुकतात. ज्याला तेच ते नीट करता येत नाही, त्याच्या 'पुढच्या'ला उधारी कोणी द्यावी?

परवा संध्याकाळी वाजवत होतो. आत ही कोबी चिरत होती. चौथ्या फेरीला मला जाणवले, सुरी पाटावर बरोबर ठेक्यात पडते आहे. मला इतका आनंद झाला की सातव्या बारला मी सुटलो.

सुरी थांबली.

"अहो," आतून आवाज आला, "आज घाई केलीत."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने 'पुढचं' विचारले नाही. मी पहिल्यापासून सुरुवात केली.