कपड्यांना आत्मा चिकटवू नका

कबाला म्हटलं की बहुतेकांना मनगटावरचा लाल धागा आठवतो. मॅडोनाच्या हातात तो दिसला, मग तो जगभर पोचला, मग ऑनलाइन विकायला आला. आता धाग्यामागोमाग एक अख्खं तत्त्वज्ञान आलंय: कपडे ही आत्म्याची भाषा आहे, आत जे आहे ते अंगावर दिसू द्या, ज्यू गूढवादी शतकानुशतकं हेच सांगताहेत.

ऐकायला झकास. फक्त ते तसं सांगत नाहीत. ते जे सांगतात ते जवळपास याच्या उलट आहे, आणि सतत ‘स्वतःला व्यक्त करा’ असं ऐकणाऱ्या आपल्या पिढीला तेच जास्त उपयोगी आहे.

तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमध्ये ‘झोहर’ हा कबालाचा मुख्य ग्रंथ पुढे आला. त्यात कपड्यांचा एक प्रसिद्ध दाखला आहे. तोरा या धर्मग्रंथातल्या गोष्टी म्हणजे तोराचे कपडे, आज्ञा हे तिचं शरीर, आणि त्याच्याही आत तिचा आत्मा. मूर्ख माणूस कुणाला भारी कपड्यांत पाहतो आणि तिथेच थांबतो. ज्याला थोडं कळतं तो शरीरापर्यंत जातो. शहाणा आणखी आत शिरतो. आता सांगा, ज्या ग्रंथात कपड्यांपाशी थांबणाऱ्याला मूर्ख ठरवलंय, त्याच्या नावावर ‘तुमचा लुक म्हणजेच तुम्ही’ हे कसं खपवायचं?

हिब्रू भाषाच इथे सावध करते. ‘बेगेद’ म्हणजे वस्त्र आणि ‘बगाद’ म्हणजे दगा दिला. अक्षरं तीच. बायबलमधल्या योसेफची गोष्ट आठवा. भावांनी त्याला विकलं, त्याचा अंगरखा बकऱ्याच्या रक्तात बुडवला आणि बापापुढे टाकला. बापाने कपडा ओळखला, म्हणून खोटं खरं मानलं. पुढे इजिप्तमध्ये मालकाच्या बायकोने योसेफचं वस्त्र धरून ठेवलं आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवलं. तो निरपराध असून तुरुंगात गेला. कपडा दोन्ही वेळा बोलला आणि दोन्ही वेळा खोटं बोलला.

मग कपडे म्हणजे नुसता देखावा, काढून टाकायचं ढोंग? असंही नाही. इथे कबाला खरी मजेशीर होते. तिच्या मते ईश्वराचं मूळ रूप, ‘एन सोफ’ म्हणजे अनंत, इतकं प्रखर आहे की आवरणाशिवाय ते कुणालाच झेपणार नाही. म्हणून त्या प्रकाशाला ‘लेवुश’ लागतो, म्हणजे वस्त्र. सृष्टी हेही असंच एक वस्त्र. ते झाकतं, आणि झाकतं म्हणूनच आपल्याला काहीतरी दिसू शकतं. सूर्याकडे थेट पाहता येत नाही, ढगाआडून पाहता येतं, तसं.

एक जुनी नोंद आहे. आदाम आणि हव्वा यांना देवाने चामड्याची वस्त्रं दिली, असं बायबल म्हणतं. पण रब्बी मेईर यांच्या पोथीत त्या जागी ‘प्रकाशाची वस्त्रं’ असं लिहिलं होतं. हिब्रूत ‘चामडं’ आणि ‘प्रकाश’ हे शब्द उच्चाराला सारखे, फरक एका अक्षराचा. एकच वस्त्र पडदाही असू शकतं आणि खिडकीही, असा त्यातून अर्थ निघतो. प्रश्न एवढाच, की आत्म्याचं वस्त्र कशाचं बनतं?

याचं सर्वांत रोखठोक उत्तर १७९६ साली छापल्या गेलेल्या ‘तान्या’त आहे. हसिदी पंथाचे गुरू श्नेउर झाल्मन त्यात सांगतात की आत्म्याला तीन वस्त्रं असतात: विचार, वाणी आणि कृती. सुती नाही, रेशमी नाही, ब्रँडेड नाही. तुम्ही काय मनात घोळवता, काय बोलता आणि काय करता, हाच तुमचा पोशाख. त्यांचा पुढचा मुद्दा अधिक मोलाचा आहे. मनात कोणत्या भावना उसळाव्यात हे साध्या माणसाच्या हातात नसतं, पण ही तीन वस्त्रं कोणती घालायची हे त्याच्या हातात असतं. मत्सर वाटेल. त्याला जिभेवर येऊ द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवता.

आता हे आजच्या ‘सेल्फ एक्स्प्रेशन’शेजारी ठेवून बघा. बाजार सांगतो: तुमच्या आत एक पक्का, तयार ‘मी’ आहे, त्याला शोभेल असा शर्ट विकत घ्या. शर्ट जुना झाला की नवा ‘मी’ घ्या. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याला बहुधा आत्माही नसावा! कॉलेजात दोनच जोड आलटून पालटून घालणाऱ्या पोराला हे तत्त्वज्ञान काय सांगतं? तू अव्यक्त आहेस. ‘तान्या’ त्याला सांगतं: तुझं कपाट भरलेलं आहे.

कुणी म्हणेल, यात नवं काय, गीतेत देहालाच जुन्या वस्त्राची उपमा दिलीय की. उपमा जवळची वाटते, पण दिशा वेगळी. तिथे वस्त्र टाकून पुढे जायचं असतं. ‘झोहर’मध्ये माणूस जगलेल्या दिवसांतूनच आत्म्याचं वस्त्र विणलं जातं आणि तो ते पुढे घेऊन जातो. वाया घालवलेला दिवस म्हणजे कापडातलं भोक.

खरी हरकत दुसरी आहे. ज्यू कर्मठ वस्त्यांतही कपड्यांवरून माणसं मापली जातातच की, आणि सर्वांत जास्त बायका! बाही किती लांब, केस झाकले का. हो, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. या नियमांसाठी जो शब्द पुढे केला जातो तो ‘त्स्निउत’, म्हणजे शालीनता. त्याचं मूळ रूप मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकात येतं ते देवासोबत नम्रपणे चालण्याबद्दल, आणि ते सगळ्यांना उद्देशून. तिथे बाहीचं माप नाही. काळा लांब कोट आणि फरची टोपी हा पूर्व युरोपातल्या हसिदींचा पोशाख आहे, आत्म्याचा नव्हे. आमच्या कोकणातल्या बेने इस्राएल बायका साडी नेसून तितक्याच ज्यू होत्या. कपड्यावरून बाईचं चारित्र्य ठरवणारा कर्मठ आणि कपड्यावरून तुमचं व्यक्तिमत्त्व विकणारा इन्फ्लुएन्सर, दोघंही ‘झोहर’च्या त्या मूर्खाच्याच रांगेत उभे आहेत. दोघंही कपड्यापाशी थांबले.

याच परंपरेने कपड्यांचं शेवटचं उत्तर कफनात दिलंय. तालमूद सांगतं, एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला की मरणापेक्षा तोच नातेवाइकांना जड जाई. तेव्हा रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या कापडात पुरायला लावलं. ते प्रतिष्ठित होते, म्हणून गरिबांची लाज गेली. आजही पारंपरिक ज्यू कफन साधं, पांढरं आणि सगळ्यांना सारखं असतं. त्याला खिसे नसतात.

आणि वस्त्रांबद्दलची आज्ञा? तालमूदमध्येच आहे: देवाने उघड्या आदाम-हव्वेला कपडे दिले, तसे तुम्हीही उघड्याला कपडे द्या. स्वतःला कसं सजवावं हा तिथला प्रश्नच नाही. दुसरा उघडा राहिलाय, हा आहे.

छान कपडे जरूर घाला. रंग, झुमके, फाटकी जीन्स, काय हवं ते. फक्त आरशासमोर ‘हा मीच’ म्हणू नका. तुम्ही कोण आहात हे रात्री अकराला त्या ग्रुपवर, एखाद्या मुलीच्या फोटोखाली तुम्ही काय टाइप करता, त्यावरून कळेल. ते तुमचं वस्त्र. आणि ते पाठवण्याआधी बदलता येतं.